जिन्नसांचा सातबारा

तालुक्याच्या गावी सेवानिवृत्त माणसे पुष्कळ असतात आणि त्यांपैकी कोणी देवळाचे जमाखर्च तपासण्यात, तर कोणी एस.टी.च्या वेळापत्रकावर नजर ठेवण्यात कालक्रमणा करतात, हे सर्वश्रुत आहे; परंतु अलीकडे त्यांत एका नव्या वर्गाची भर पडली असून, साबण, शांपू, मलमे आणि तेले यांच्या वेष्टनांवरील मुंगीच्या अक्षरांतील मजकूर भिंगाने वाचावा आणि त्याचा निवाडा चारचौघांत जाहीर करावा, हे या वर्गाने आपले अवतारकार्य मानलेले आहे. शहापुरात हे कार्य भाऊसाहेबांकडे आहे. भाऊसाहेब हे त्यांचे नाव नव्हे. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत तलाठी म्हणून हयात घालविलेल्या इसमास लोक जे म्हणतात ते हे संबोधन, आणि सेवानिवृत्तीच्या दिवशी शिक्का व दप्तर सरकारजमा झाले तरी हे संबोधन काही कोणी परत मागितले नाही.

वेष्टन म्हणजे वस्तूचा सातबारा, असे त्यांचे मत आहे. कोणतीही बाटली हाती आली की ते ती प्रथम पालथी करतात. दर्शनी बाजूवरील केशराच्या काड्या, चंदनाचे खोड आणि तजेलदार मुखाची युवती यांच्याकडे, पक्षकाराने सोबत आणलेल्या पुढाऱ्याकडे ते पूर्वी जितपत पाहत, तितपतच पाहतात. मागील बाजूस जिन्नसांची यादी असते, आणि वजनाने जो जिन्नस सर्वांत अधिक तो प्रथम व बाकीचे उतरत्या क्रमाने, हा सरकारी शिरस्ता त्यांस मुखोद्गत आहे. मात्र शेकडा 1 किंवा त्याहून कमी असलेल्या जिन्नसांस क्रमाचे बंधन नाही, ते शेवटी हवे तसे उभे राहू शकतात. आणि लबाडीचा खरा मुलूख येथूनच सुरू होतो, असे ते आवाज खाली आणून सांगतात. फिनॉक्सीइथेनॉल नावाचा एक टिकाऊपणाचा जिन्नस असतो, त्याची कमाल मर्यादा शेकडा 1. तेव्हा भाऊसाहेब आधी तो हुडकतात, त्याच्याखाली पेन्सिलीची रेघ ओढतात, आणि दर्शनी बाजूस मिरविणारे केशर रेघेच्या खाली सापडले की, अतिक्रमण हुडकून काढल्याचे जे समाधान पूर्वी त्यांच्या मुद्रेवर दिसे, ते पुन्हा दिसू लागते. ‘पर्फ्यूम’ या एका शब्दाच्या आड दहापाच द्रव्ये दडलेली असू शकतात, ही बाब त्यांस जराही नवी वाटली नाही. ‘अमुक अमुक व इतर’ एवढ्याच नोंदीखाली बावीस वारस नांदताना त्यांनी पाहिलेले आहेत.

त्यांचा खरा रोष आहे तो पाण्यावर. जवळजवळ प्रत्येक यादीच्या शिरोभागी पाणी असते, आणि ज्या तालुक्यात भातसाचे धरण आहे, 1892 साली बांधलेले तानसेचे धरण आहे, जेथून मुंबईचे नळ वाहतात आणि जेथील पाड्यांवरच्या बाया वैशाखात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात, त्या तालुक्यातील मनुष्यास ही नोंद वाचून काय वाटावे, हे कारखानदारांच्या ध्यानी येणे कठीण. डोंबिवलीहून आलेल्या सूनबाईंनी एकदा चेहऱ्यास लावावयाची शंभर मिलिलिटरची बाटली मोठ्या कौतुकाने दाखविली.

“बाबा, यात नायसिनामाइड आहे, चांगले पाच टक्के.”

“ते पाहिले मी. पण त्याच्याही वर पाणी आहे. म्हणजे आमच्या तालुक्यातून गेले ते पाइपातून, आणि परत आले ते चारशे रुपयांस!”

“पाण्याचा एवढा पुळका आहे ना,” आतून वहिनी म्हणाल्या, “तर नळ आलाय का ते आधी बघा. हंडे रिकामे पडलेत.”

साबणाच्या बाबतीत त्यांची नजर यादीवरही ठरत नाही. ते ‘टीएफएम’ शोधतात, म्हणजे त्यातील एकूण स्निग्धांशाचे प्रमाण. पहिल्या प्रतीच्या स्नानाच्या साबणात ते शेकडा 76 असावे लागते, दुसरीत 70 आणि तिसरीत 60. परंतु त्याच फळीवर, त्याच रंगाच्या कागदात ‘बाथिंग बार’ या नावाने जी वडी बसलेली असते तिला 40 पुरतात. हा खुलासा दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत आणि गल्ल्याच्या समोर उभे राहून करण्याचा त्यांचा प्रघात असल्यामुळे शेठजी त्यांस पाहताच चहा मागवितात, कारण चहा पिताना मनुष्यास बोलता येत नाही. खोबरेल तेल हे खाद्य की केश्य, हा वर्षानुवर्षे चाललेला कज्जा सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या डिसेंबरात निकालात काढला आणि लहान बाटलीतील तेलही खाद्यतेल म्हणून गणले जाऊ शकते असे ठरविले, तेव्हा भाऊसाहेबांनी त्या दुकानात स्वखर्चाने पेढे वाटले. वास्तविक त्यांचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. पण कज्जा दीर्घकाळ चालून निकालात निघाला, याचाच त्यांस आनंद.

त्यांची विद्या जेथे कुंठित होते ती जागा म्हणजे किन्हवलीच्या टपरीवरील पुड्यांची माळ. साठ मिलिलिटरहून कमी पातळ आणि तीस ग्रॅमहून कमी घट्ट मालावर जिन्नसांची यादी छापण्याची सक्ती नाही. आणि गावोगावचे लोक तर रुपया-दोन रुपयांची पुडीच घेतात. ज्याने अख्खी बाटली घ्यावी त्यालाच काय ते वाचावयास मिळावे आणि पुडीवाल्याने केवळ युवतीकडे पाहून समाधान मानावे, हा अन्याय आहे असे मलाही वाटते, आणि या एका मुद्द्यावर मी भाऊसाहेबांच्या तक्रारअर्जावर सही करावयास तयार आहे.

परंतु वाचनालाही धोका असतोच. हिवाळ्याच्या दिवसांत टाचांना भेगा पडतात, आणि भेगांच्या एका मलमाची यादी दुकानाच्या ओट्यावर वाचीत असता भाऊसाहेबांनी, पाण्याच्या पाठोपाठ युरिया आहे, असे उच्चरवाने जाहीर केले. ते किन्हवलीकडच्या एका शेतकऱ्याने ऐकले. पुढल्या बाजारी तो लंगडत आला.

“भाऊसाहेब, हिशेब केला म्या. पंचेचाळीस किलोची गोण दोनशे साडेसहासष्टला, म्हंजे किलो सहा रुपयांच्या आतच. आन् आपल्या युरियाला वरून निंबाचं तेल! बादलीत मूठमूठ टाकून पाय बुडवले.”

“मग?”

“झोंबलं ओ.”

मलमातील युरिया शुद्ध केलेला असतो, तो शेकडा दहा ते पंचवीस असा मोजून घातलेला असतो, आणि चिरलेल्या टाचेवर तो मोजलेलाही कधी कधी चुणचुणतो, इत्यादी निरूपण भाऊसाहेबांनी केले; पण, “नाव तर येकच ना?” या प्रश्नापुढे ते चालेना. अखेरीस त्यांनी आपल्या हयातभराच्या अनुभवाचा आधार घेतला. “अरे, एकाच नावाचे दोन इसम एकाच गावात असतात की नाही? मग एकाच्या जमिनीवर दुसऱ्याने कर्ज काढले तर चालेल काय?” शेतकऱ्याची मुद्रा तत्काळ उजळली, असा प्रकार त्याच्या चुलत्याच्या बाबतीत घडलेला होता.

स्वतः भाऊसाहेब अंगास काही लावीत नाहीत. दाढीनंतर तुरटी फिरवावी आणि वहिनी मोरीत जी वडी ठेवतील ती मुकाट्याने अंगास घासावी, एवढाच त्यांचा प्रसाधनविधी. गेल्या पौषात मात्र म्हशाच्या जत्रेत थंडीने त्यांचेही ओठ उलले, आणि गुरांच्या बाजारापलीकडे मोहाच्या बियांचे तेल विकीत बसलेल्या एका म्हातारीपुढे ते थांबले. तेल मद्याच्या जुन्या बाटल्यांत भरलेले होते, व बाटल्यांवरचे कागद शाबूत होते. भाऊसाहेबांनी सवयीप्रमाणे बाटली पालथी करून मद्याचा संपूर्ण मजकूर भिंगाखाली वाचला, आणि मग चौकशी सुरू केली.

“यात काय आहे?”

“त्याल.”

“ते समजले. आणखी काय काय?”

“त्यालात आनिक काय घालतात?”

“बरे, प्रमाण किती?”

“बाटलीभर.”

ज्यावर हरकत घेता येईल असे काहीच न उरल्याने त्यांनी दोन बाटल्या घेतल्या, दोन्ही काखांत एकेक धरली, आणि निखळ माल सापडल्याच्या आनंदात ते मुरबाडला येऊन शहापूरच्या गाडीत चढले. कंडक्टरने तिकीट फाडले, बाटल्यांच्या दर्शनी बाजूकडे एकवार पाहिले आणि वाकून हळूच म्हटले, “भाऊसाहेब, तेवढं पिशवीत ठेवा हो. गाडीत बायामाणसं आहेत.”