समेटासाठी भांडणारा माणूस

काही माणसांना न्याय हवा असतो, काहींना नुसतं भांडण. चार्ल्स कॅमेरॉन किंग्स्टनला दोन्ही लागायचं, आणि शक्यतो एकाच दुपारी. १८५० साली ॲडलेडमध्ये जन्मलेला हा धिप्पाड, दाढीवाला वकील. त्याचे वडील, सर जॉर्ज, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या विधानसभेचे पहिले स्पीकर. म्हणजे इतरांना ‘शांत बसा’ सांगणं हे घरचं काम. पोराने सगळं उचललं, तेवढं एक सोडून.

तरुणपणी तो साउथ ॲडलेड क्लबकडून फुटबॉल खेळला. हा फुटबॉल ऑस्ट्रेलियाचा खास आपला. मेलबर्नच्या मंडळींनी त्याचे नियम १८५९मध्ये लिहून काढले. चेंडू हवेत झेला, लाथाडा, मधे येईल त्याला अंगावर घ्या. ऑफसाइड नावाची भानगडच नाही. त्यातून सुरुवातीची एक तरतूद अशी की, पंच नेमलेला नसेल तर नियम मोडला की नाही हे दोन्ही कप्तानांनीच ठरवायचं. पक्षकारही आपण, वकीलही आपण आणि न्यायाधीशही आपणच! किंग्स्टनचा खेळ सुटला, ही सवय मात्र सुटली नाही.

वकिलीचा श्रीगणेशाच हरकतीने झाला. सॅम्युअल वे या नामांकित वकिलाकडे उमेदवारी करून त्याने १८७३मध्ये सनद मागितली, तर लुसी मॅकार्थीचा भाऊ आडवा आला. याने माझ्या बहिणीला नादी लावलं, याला सनद देऊ नका! सनद मिळाली. त्याच वर्षी लुसीशी लग्नही झालं, आणि अर्जदार व हरकतदार एकमेकांचे मेहुणे झाले.

पण खरा किंग्स्टन बघायचा तो १८९२च्या डिसेंबरात. तोवर तो राजकारणात शिरला होता. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वरिष्ठ सभागृहातला रिचर्ड बेकर, हाही वकीलच, त्याला भर सभेत भित्रा, दांडगट आणि वकिली पेशाला कलंक म्हणाला. किंग्स्टनने शब्दाला शब्दाने उत्तर दिलंच, पण तेवढ्याने त्याचं पोट भरेना. त्याने पिस्तुलांची एक जोडी विकत घेतली. एक स्वतःकडे ठेवलं, दुसरं चिठ्ठीसह बेकरकडे पाठवलं: अमुक वेळी व्हिक्टोरिया चौकात या, द्वंद्व खेळू. वकिली शिस्त बघा, एक प्रत स्वतःजवळ, दुसरी प्रतिपक्षाला! बेकर त्याच्याहून मुरलेला. तो चौकात जायच्या ऐवजी पोलिसांकडे गेला. किंग्स्टन भरलेलं पिस्तूल घेऊन वेळेवर हजर झाला आणि वेळेवर पकडलाही गेला. कोर्टाने बारा महिने शांतता राखण्याचा मुचलका लिहून घेतला.

हा मुचलका चालू असतानाच, जून १८९३मध्ये, गृहस्थ तेव्हा ब्रिटिश वसाहत असलेल्या दक्षिण ऑस्ट्रेलियाचा प्रीमियर, म्हणजे सरकारचा प्रमुख, झाला! म्हणजे सगळ्या वसाहतीत शांतता राखायची जबाबदारी याच्यावर, आणि याने शांतता राखावी ही जबाबदारी कोर्टावर. साडेसहा वर्षं टिकला. त्याच्याच काळात, १८९४मध्ये, तिथल्या बायकांना मताचा आणि निवडणुकीला उभं राहण्याचाही हक्क मिळाला. पुढे १८९७मध्ये ऑस्ट्रेलियाची राज्यघटना बनवायला ॲडलेडात परिषद भरली. अध्यक्ष कोण? किंग्स्टन. आणि समितीच्या बैठकांचा अध्यक्ष? रिचर्ड बेकर. पाच वर्षांपूर्वी चौकात समोरासमोर यायचे राहिलेले दोघे आता कलमावर कलम घालत बसले. पिस्तुलांची गरज पडली नाही.

गंमत अशी की, या माणसाचा आवडता विषय होता समेट. मालक आणि कामगार हमरीतुमरीवर आले की लवादाने त्यांना कायद्याने मिटवायला लावावं, हे विधेयक त्याने १८९०मध्येच मांडलं होतं. भांडण कुठवर जातं हे त्याच्याइतकं आतून कोणाला ठाऊक होतं? १९०१मध्ये तो देशाच्या पहिल्या केंद्रीय मंत्रिमंडळात जकात खात्याचा मंत्री झाला आणि तिथेही लवाद घेऊन बसला. किनाऱ्याने व्यापार करणाऱ्या ब्रिटिश आणि परदेशी जहाजांवरचे खलाशीही त्या कायद्याखाली यावेत, असा त्याचा हट्ट. सहकारी म्हणाले, एवढं नको, थोडं जमवून घ्या.

जमवून घ्या? किंग्स्टनला? १९०३च्या जुलैत त्याने राजीनामा दिला. इतरांनी समेट करावा यासाठी तो वाट्टेल ते करायला तयार होता. स्वतः समेट करणं सोडून.