पर्यावरण शिकल्याचा गोल शिक्का

जिल्ह्याच्या विद्यापीठातून शहरातल्या नामांकित विद्यापीठात एसवायला जायचं तर गुणवत्ता लागते, असा पालकांचा एक गोड गैरसमज आहे. गुणवत्ता फॉर्म भरेपर्यंत लागते. पुढे लागतो तो गोल शिक्का.

आमच्या गल्लीतल्या पोराला एफवायला साडेनऊ सीजीपीए पडला आणि त्याला शहराचे वेध लागले. टीसी निघाली, मायग्रेशन निघालं, ‘नो ड्यूज’वर ग्रंथालयापासून जिमखान्यापर्यंत सगळ्यांच्या सह्या झाल्या (जिमखाना कुठे आहे हे त्याला त्या दिवशी कळलं). गाडी अडली ती पर्यावरणापाशी. 1991 च्या न्यायालयीन निकालाच्या पुण्याईने हा विषय देशभर सक्तीचा आहे. पोराने तो पहिल्याच वर्षी उरकला होता. 2 क्रेडिट, म्हणजे 30 तास. नव्या विद्यापीठात मात्र तो दुसऱ्या वर्षाला. तेव्हा जिल्ह्यातलं पर्यावरण शहरात चालतं का, हे समकक्षता समिती ठरवणार आणि समितीला लागणार अभ्यासक्रम. सगळ्या विषयांचा, छापील, 3 प्रतींत, पाठकोरा. वर पानापानावर जुन्या विद्यापीठाचा गोल शिक्का आणि सही.

140 पानांच्या 3 प्रती. 420 पानं. आकडा मी जुळवलेला नाही, झेरॉक्सवाल्याचं बिल आहे. त्यात एक पान ‘कागदाची बचत व पुनर्वापर’ या घटकाचं. तेही तीनदा छापलं, तिन्हींवर शिक्का मारला. शिक्का भाऊसाहेबांच्या कपाटात, चावी रजेवर, शाईचा पॅड परीक्षा विभागाने नेलेला. पॅड परत आला तो वाळलेला, म्हणून भाऊसाहेबांनी त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि ठोकायला सुरुवात केली. दोनशेव्या पानापर्यंत ते सहीही करत होते, पुढे नुसतीच रेघ ओढू लागले. गठ्ठा शहरात पोचला आणि आठवड्याने परत आला. शेरा : ‘पान क्र. 37 वरील शिक्का पूर्ण गोल उमटलेला नाही.’ पान 37 वर काय होतं? घनकचरा व्यवस्थापन.

तुम्ही म्हणाल, 2021 पासून क्रेडिटची बँक आहे की! आहे. पोराचं 12 आकडी खातं आहे, त्यात क्रेडिट 7 वर्षं सुखरूप राहतात, मोबाइलवर दिसतातसुद्धा. खिडकीतल्या बाईंनी मोबाइल कौतुकाने पाहिला आणि म्हणाल्या, “छान आहे. आता याची प्रिंट काढ आणि तिकडून शिक्का मारून आण.”

इथवर मी हसत होतो. पण ज्या मॅडमनी या पोराला पर्यावरण शिकवलं, त्यांचं ऐका. नेट झालेल्या, पीएचडी झालेल्या, गेली कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर. सकाळी जिल्ह्याच्या कॉलेजात शिकवतात, अकराची एसटी पकडतात आणि दुपारी त्याच नामांकित विद्यापीठाच्या कॉलेजात उभ्या राहतात. तीच वही, तोच ओझोनचा थर, तेच फळ्यावरचं अन्नसाखळीचं चित्र. त्यांचं ज्ञान रोज मायग्रेशनशिवाय जिल्ह्याची हद्द ओलांडतं, कुणी अडवत नाही. अडवतात ते फक्त त्यांचं मानधन, कारण त्या बिलावरही कुणाचा तरी शिक्का राहिलेला असतो. कायम प्राध्यापक नेमायचे म्हटलं की तिजोरीत खडखडाट, आणि मानांकनाचा फलक लावायला प्रवेशद्वारावर ग्रॅनाइटची कमान! अरे, शिकवणारी माणसं तासावर आणायची, त्यांना दिवाळीत जूनचे पैसे द्यायचे आणि पोराच्या अर्धगोल शिक्क्यावरून दर्जा राखायचा? लाज कुठल्या विभागात जमा केली आहे, तेवढं नोटीस बोर्डावर लावा.

असो. समितीचा निकाल लागला. पर्यावरण अमान्य. जुन्या अभ्यासक्रमात ‘परिसंस्था’ पहिल्या घटकात आहे, नव्या अभ्यासक्रमात दुसऱ्या. सबब विद्यार्थ्याने विषय पुन्हा करावा, शुल्क वेगळं.

पोरगं बुधवारी दुपारी पहिल्या तासाला जाऊन बसलं. मॅडम एसटीतून उतरून घाईघाईने वर्गात आल्या, हजेरी घेता घेता थबकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “नापास झालास का रे?”