गुरुजी, लिंक भरा!

महाराष्ट्रातल्या प्राथमिक शिक्षकाला आजवर निघालेल्या बहुतेक सगळ्या तंत्रज्ञानाचं प्रशिक्षण देऊन झालं आहे. द्यायची राहिली ती फक्त ते वापरायची सवड. आता वेब डिझाइनची पाळी.

असलं प्रशिक्षण गट साधन केंद्राच्या सभागृहात भरतं. चाळीस गुरुजी, एक प्रोजेक्टर आणि सुलभकांच्या स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. सुलभक एचटीएमएल शिकवतात, म्हणजे एचटीएमएलवरच्या स्लाइड वाचून दाखवतात. समोर संगणकच नसल्याने कोणाचं काही चुकत नाही, हा या पद्धतीचा मोठाच फायदा. अकराला चहा, मग फलकासमोर समूहछायाचित्र, शेवटी अभिप्रायाचा गुगल फॉर्म. 'प्रशिक्षण कसे वाटले?' याखाली पर्याय तीन: उत्तम, अतिउत्तम, उत्कृष्ट. फॉर्म भरल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. त्यामुळे या राज्यात वाईट प्रशिक्षण म्हणून कधी झालेलं नाही.

ही साधना जुनी आहे. २००१ साली एमकेसीएल स्थापन झालं, मग एमएस-सीआयटी ही संगणक परीक्षा आली आणि गुरुजींची वेतनवाढ माऊसच्या शेपटीला बांधली गेली. वेळेत पास न झालेल्यांकडून वसुली काढण्यापर्यंत मजल गेली. पुढे २२ जून २०१५ चा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि त्या लाटेत तंत्रस्नेही शिक्षकांचं पीक आलं. ज्याला ब्लॉग काढता येतो तो तंत्रस्नेही. बाकीच्यांनी नुसतं शिकवावं.

त्या काळातले ब्लॉग जरूर पाहावेत. माथ्यावर पळती ओळ, 'सर्व शिक्षक बंधू-भगिनींचे सहर्ष स्वागत'. कडेला भेटी मोजणारा काउंटर. मधे लुकलुकणारं लाल 'नवीन', जे कित्येक वर्षं नवीनच आहे. मागे सूर्योदय, त्यावर पिवळी अक्षरं. पुण्यातला एखादा डिझायनर हे बघून डोळे मिटून घेईल. त्याने मिटू नयेत, कारण खरा ऐवज आत आहे. निकालपत्रकाची एक्सेल शीट, प्राप्तिकराचा हिशेब करणारी शीट, पोषण आहाराचा तांदूळ ग्रॅमला ग्रॅम जुळवणारी शीट. आणि सर्वांत जास्त खपणारा माल म्हणजे वर्णनात्मक नोंदी! २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. प्रत्येक मुलाचं निरीक्षण करून त्याच्याविषयी स्वतंत्र वाक्य लिहायचं ठरलं. ती स्वतंत्र वाक्यं ब्लॉगवर तयार मिळू लागली. तेव्हापासून गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळी मुलं कविता तालासुरात गातात आणि परिसर स्वच्छ ठेवतात.

हसून झालं असेल तर एक कबूल करू. यातली एकही शीट कोणत्या प्रशिक्षणात शिकवलेली नव्हती. कुठल्या तरी गुरुजींनी गरजेपोटी, रात्री जागून, स्वतःच्या लॅपटॉपवर ती बनवली आणि राज्यभर फुकट वाटली. शिक्षण खात्याने शिकवलेलं बरंचसं विसरलं गेलं. एकमेकांनी शिकवलेलं टिकलं.

खात्याच्या नादाने केलेल्या गोष्टींचं काय झालं? फ्लॅशमध्ये बसवलेले गणिताचे खेळ गेले, कारण ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने फ्लॅशच निकालात काढलं. श्रीलिपीत टंकलेल्या चाचण्या दुसऱ्या संगणकावर उघडल्या की बाराखडीच्या जागी भलत्याच चिन्हांचा सडा पडतो. युनिकोड वापरा, पान हलकं ठेवा, पालकाच्या साध्या मोबाइलवर वाचता येईल असं अक्षर ठेवा. एवढं सांगायला पाव तास पुरतो. पण मग प्रशिक्षणाच्या उरलेल्या दोन दिवसांचं काय करायचं?

५ सप्टेंबर २०१७ ला 'दीक्षा' हे ऑनलाइन व्यासपीठ आलं, करोनाकाळात त्यावर शिक्षकांसाठी 'निष्ठा'चे अभ्यासक्रम आले. व्हिडिओ पूर्ण चालला पाहिजे, अशी अट. म्हणून गुरुजी फोन टेबलावर चालू ठेवतात आणि फळ्याकडे वळतात. दीक्षा फोनला मिळते, प्रमाणपत्र गुरुजींना. शेवटच्या चाचणीची उत्तरं यूट्यूबवर असतात. तीही कोणी शिक्षकानेच निष्ठेने टाकलेली.

याच व्यवस्थेत सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलर, त्यातले निम्मे त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून टाकले. क्यूआर कोड पुढे राज्यभरच्या पुस्तकांत छापले गेले. आणि २०२२ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी डिसले गुरुजींनी रजा मागितली, तेव्हा अर्ज अडला आणि शिक्षणमंत्र्यांना लक्ष घालावं लागलं. रजेच्या अर्जासाठी कोणी कोड काढलेला दिसत नाही.

मग एवढं शिकलेलं तंत्रज्ञान जातं कुठे? सरल, यू-डायस प्लस, शालार्थ, पोषण आहार, अपार यांच्या ऑनलाइन नोंदींत. सकाळी ग्रुपवर केंद्रप्रमुखांचा निरोप पडतो: अतितात्काळ, सोबतच्या लिंकवर दुपारी चारपर्यंत माहिती भरावी, निरंक असल्यास निरंक कळवावे. मुलाचं नाव आधारवर एका वेलांटीने आणि दाखल्यावर दुसऱ्या, म्हणून अपार जुळत नाही. ती वेलांटी सुधारण्यात गुरुजींची दुपार जाते आणि चौथीचा वर्ग आपापलं शुद्धलेखन करत बसतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ सांगतं, जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देऊ नये. लिंक भरणं यात बसत नाही. तेव्हा ते शैक्षणिक कामच असणार. आणि तसं पाहिलं तर आपत्तीतही घालता येईल.

तर वेब डिझाइनचं प्रशिक्षण जरूर द्या, साहेब. गुरुजी शिकतील, ते याहून अवघड गोष्टी विनातक्रार शिकले आहेत. फक्त पुढच्या परिपत्रकात दोन ओळी जास्त लिहा. संकेतस्थळ बनवायला आठवड्यातली कोणती तासिका मोकळी मिळेल? आणि गावाने वर्गणी काढून टीव्ही दिलेल्या ज्या डिजिटल शाळेचं मीटर थकबाकीपोटी काढून नेलंय, तिचं वीजबिल कोण भरणार? माहिती आज सायंकाळपर्यंत द्यावी. निरंक असल्यास तसं कळवावं.