चतकोर

आमच्या शाळेच्या गणितात गाय नेहमी ७ मीटरच्या दोरीनं खुंटीला बांधलेली असायची. मालक अगदीच सढळ हाताचा निघाला तर १४. आठ मीटरची दोरी आख्ख्या पुस्तकात कुणाकडे नव्हती. कारण पाय म्हणजे बावीस सप्तमांश, आणि छेदातला सात उडवायचा तर वरही सात हवा. गाय १५४ चौरस मीटर गवत चरायची, आम्हाला दोन मार्क मिळायचे आणि विषय मिटायचा.

परवा मुलगी वही घेऊन आली. ‘‘बाबा, वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा रोजच्या जगण्यातला उपयोग लिहायचाय. गाय सोडून.’’

मला आधी आठवली काकांची विहीर. व्यास २० फूट ठरला होता, पण आखणीच्या दिवशी काकांना हुरूप आला. ‘‘पाचच फूट वाढवू. होऊन होऊन किती होईल? सव्वापट!’’ यारीवाल्याशी बोली होती ब्रासवर. १०० घनफूट माती-मुरूम निघाला की एक ब्रास. २० फुटी विहिरीतून दर दहा फूट खोलीला साधारण ३१ ब्रास निघतात, २५ फुटीतून ४९. बिल दीडपटीच्याही वर गेलं, तेव्हा काका टेप घेऊन भांडायला काठावर उभे राहिले. यारीवाला विडी विझवत म्हणाला, ‘‘काका, विहीर एका अंगानं नाही वाढत, चहूअंगानं वाढते.’’ त्रिज्येचा वर्ग म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. तोवर मी बारावी विज्ञान पास झालो होतो.

‘‘पण विहीर रोज कुठे खणतात?’’ मुलगी म्हणाली.

मग पिझ्झा. ७ इंची दोन मिळून ७७ चौरस इंच भरतात. १० इंची एकटाच साडेअठ्ठ्याहत्तर. हे मी एकदा हॉटेलात टिशू पेपरवर बायकोला सिद्ध करून दाखवलं होतं. ‘‘अहो, गार होतोय,’’ एवढंच ती म्हणाली होती.

तेवढ्यात बेल वाजली. आत्या आणि आतोबा, न कळवता. आतून आईचा आवाज आला, ‘‘वन्सं आल्या वाटतं. कणीक तेवढीच मळलीय, जरा आवरत्या लाटते.’’

हा शब्द मी चाळीस वर्षं ऐकतोय. या वेळी कंपासपेटीतली पट्टी घेऊन ओट्याशी गेलो. आईची नेहमीची पोळी ८ इंच, आवरती ७. एका इंचानं असं काय होतंय? पण आठाचा वर्ग ६४ आणि साताचा ४९. जाडी तीच ठेवली तर पोळीतला जवळजवळ चतकोर गेलेला असतो, आणि ताटात पोळी मात्र गोल, आख्खी दिसते. चौसष्ट त्रिक १९२, एकोणपन्नास चोक १९६. म्हणजे तीन पोळ्यांच्या कणकेत चौथी निघते. चाराची तूट राहते, ती लाटणं जरा दाबलं की भरून येते.

भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त हेच क्षेत्रफळ काढायला परिघाला व्यासाच्या ‘पादा’नं गुणायला सांगितलंय. शब्द ऐकताच मुलगी फिसकन हसली, म्हणून मी घाईघाईनं म्हटलं, ‘‘पाद म्हणजे चौथा हिस्सा. चतकोर व्यास म्हण हवं तर.’’ चाळीसगावजवळ पाटण्याला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता. तसा शिलालेखच आहे तिथे. मठ म्हटल्यावर पंगतही असणार, आणि आयत्या वेळचे पाहुणेही. मुदपाकखान्यातल्यांना हे सूत्र वरच्या वर्गातल्यांच्या आधीच येत असेल, असा आपला माझा संशय.

‘‘आई, तू तीनाच्या चार करतेस ना, ते त्रिज्येच्या वर्गावर चालतं.’’

‘‘वर्ग-बिर्ग तुझं तू बघ. बोटभर कमी लाटलं की भागतं, एवढं मला ठाऊक आहे. आणि ती पट्टी उचल, पिठात बुडलीय.’’

मुलीनं वहीत लिहिलं : उपयोग तिसरा, आजी.

पानं वाढली. आत्याच्या ताटात पडलेली पोळी चांगली आठ इंची होती, आतोबांचीही. माझ्या ताटातली मी पट्टी न लावता नुसत्या नजरेनं मोजली. सातच्या आत होती.