वय नको, दम बघा

‘या वयात आता कशाला कापाकापी?’

कॅन्सरच्या कुठल्याही ओपीडीबाहेर तासभर बसा, हे वाक्य कानावर पडतंच. म्हणणारा सहसा पेशंट नसतो. थोरला मुलगा असतो, जावई असतो, गावाहून सोबत आलेला पुतण्या असतो. पेशंट आत बाकावर फाइल मांडीवर धरून बसलेला असतो आणि त्याला ‘छातीत जरा पाणी झालंय’ एवढंच सांगितलेलं असतं. त्याचा निकाल बाहेर टपरीवर, चहा संपायच्या आत लागतो.

याचा मला राग येतो. माया नसते म्हणून नव्हे, माया असतेच. पण फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये वेळेवर झालेलं ऑपरेशन ही माणूस पूर्ण बरा होण्याची सगळ्यात मोठी संधी असते, आणि ती संधी आपण नुसता वयाचा आकडा ऐकून सोडून देतो.

आणि वय तरी कुठलं? आज सत्तरी-पंच्याहत्तरीत असलेल्या कितीतरी माणसांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने टाकलेली. तीच पुढे आधार कार्डावर चढली, तीच केसपेपरवर. एसटीत पंच्याहत्तरी झाली की तिकीट नाही. तिथे ही तारीख चालते. छातीचं ऑपरेशन करायचं की नाही हे त्या तारखेवरून ठरत नाही, आणि चांगला सर्जन तसं ठरवतही नाही.

तो दम बघतो. जोरात फुंकर मारायला लावून पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजतो. श्वासातला वायू फुप्फुसातून रक्तात किती उतरतो ते मोजतो. मग गाठीचा भाग काढल्यावर यातलं किती शिल्लक राहील, याचा हिशेब मांडतो. हिशेब काठावर आला की जिना. खरोखरचा, दवाखान्यातला जिना. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, शेजारी फिजिओथेरपिस्ट, आणि पेशंटने आपल्या चालीने, मध्ये न बसता, जमेल तितकं चढायचं. युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांत ही चाचणी आहे. २२ मीटर उंची चढून गेलात तर धोका कमी. १२ मीटरही झेपले नाहीत तर फार जपून पुढे जायचं. मजला तीन मीटरचा धरला, तर सात मजले चढणारा एक आणि चौथा गाठू न शकणारा दुसरा. रोज पहाटे मळ्यात फेरी मारणारे अठ्ठ्याहत्तरीचे आजोबा सहाव्या मजल्यावर पोचून पाणी मागू शकतात आणि दिवसाला दोन बंडलं विडी ओढणारा पन्नाशीचा गडी तिसऱ्यावरच भिंत धरू शकतो. यातलं वय कुणाचं झालं?

आता ऑपरेशनकडे येऊ, कारण ‘कापाकापी’ म्हणताना लोकांच्या डोळ्यांसमोर अर्धी छाती रिकामी केलेला माणूस असतो. उजव्या फुप्फुसाचे तीन मोठे खंड, डाव्याचे दोन. ज्या खंडात गाठ आहे तो अख्खा काढायचा, हा वर्षानुवर्षांचा नियम. १९९५ साली उत्तर अमेरिकेतल्या एका चाचणीने त्यावर शिक्का मारला होता, कारण कमी काढलं तर कॅन्सर तिथेच परत येण्याचं प्रमाण बरंच जास्त दिसलं. मग जपान्यांनी हा प्रश्न नव्याने विचारला. ७० रुग्णालयं, ११०६ पेशंट, वयाची वरची मर्यादा ८५. गाठ २ सेंटिमीटर किंवा त्याहून लहान, आणि फुप्फुसाच्या कडेला असलेली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाचा अख्खा खंड काढला, दुसऱ्याचा खंडातला फक्त तेवढा उपखंड. निकाल २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पाच वर्षांनी हयात असलेले: खंड काढलेल्यांत ९१.१ टक्के, उपखंड काढलेल्यांत ९४.३ टक्के.

कमी काढलं, जास्त जगले. त्यातही गंमत अशी की उपखंडवाल्यांत कॅन्सर तिथेच पुन्हा उगवण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं, १०.५ टक्के; खंडवाल्यांत ५.४. मग जगले कसे? त्यासाठी मृत्यूंची कारणं बघावी लागतात. खंड काढलेल्यांत ८३ जण गेले, पैकी ५२ जण दुसऱ्याच आजारांनी. उपखंडवाल्यांत ५८ गेले, पैकी दुसऱ्या आजारांनी २७. माझ्या मते, म्हाताऱ्या पेशंटच्या घरच्यांनी सगळ्यात नीट वाचावेत असे हे आकडे आहेत. कॅन्सर निघाला म्हणून पुढचं दुखणं टळत नाही. उद्या न्यूमोनिया होईल, परवा हृदय कुरकुरेल, आणि त्या दिवशी राखून ठेवलेलं फुप्फुसच कामी येईल. पुढच्याच वर्षी ६९७ पेशंटांच्या आणखी एका चाचणीचा निकाल आला. तिथेही लहान गाठीसाठी कमी काढलेले आणि जास्त काढलेले पाच वर्षांनी बरोबरीनेच उभे होते.

शिवाय फासळ्या फाकवून छाती उघडायची गरज आता पुष्कळदा पडत नाही, दुर्बिणीने काम भागतं. ब्रिटनमध्ये ५०३ पेशंटांवर तुलना झाली. रुग्णालयात असतानाची गुंतागुंत दुर्बिणीच्या ऑपरेशनात ३२.८ टक्के, छाती उघडून केलेल्यात ४४.३.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. अख्खं एका बाजूचं फुप्फुस काढावं लागणार असेल, तर म्हातारपणी तो फार मोठा धोका आहे आणि तिथे वयाचा विचार करावाच लागतो. ऑपरेशननंतर हृदयाचे ठोके बिघडतात, कफ सुटत नाही, दोन-तीन रात्री माणूस भ्रमात बडबडतो, घरच्यांना ओळखत नाही. हे आधी सांगितलेलं नसेल तर नातेवाईक हादरतात. आणि हॉस्पिटल सांगतं ते आकडे बहुतेक वेळा ३० दिवसांचे असतात. तुम्ही ९० दिवसांचे विचारा. मोठमोठ्या अभ्यासांत ९० दिवसांतले मृत्यू ३० दिवसांतल्यांच्या साधारण दुपटीने भरतात, कारण म्हातारा पेशंट टेबलावर नाही, घरी गेल्यावर खचतो. जो आधीच स्वतःच्या हाताने अंघोळ करू शकत नाही, ज्याचं वजन महिनोन्‌महिने उतरतंय, त्याला टेबलावर घेऊ नये. अशांची गाठ लहान असेल तर मोजक्या बैठकांत नेमक्या जागी जोरदार किरणं देण्याचा उपचार आहे, आणि तो चांगला उपचार आहे. वयाकडे बोट दाखवून घरी पाठवणं याला मात्र उपचार म्हणत नाहीत.

पण खरं सांगायचं तर आपल्याकडे बहुतेकांचा प्रश्न इथवर येतच नाही. दोन सेंटिमीटरची गाठ घेऊन येतो कोण? खोकला, बारीक ताप, वजन उतरलेलं, एक्सरेवर डाग. या देशात डाग दिसला की पहिली शंका टीबीची, आणि ती रास्तच आहे. चूक पुढे होते. थुंकीत जंतू सापडत नाहीत, तरी गोळ्या सुरू होतात. महिना-दोन महिने फरक पडत नाही, तरी कोर्स पुरा करायचा म्हणून सुरूच राहतात. कोर्स सहा महिन्यांचा. तेवढ्यात ऑपरेशनची गाठ बिनऑपरेशनची होऊन जाते. त्यावर घरचे बायोप्सीला नकार देतात, कारण ‘सुई लागली की पसरतो’ असं कुणीतरी छातीठोकपणे सांगितलेलं असतं. सुईने काही कॅन्सर रान पेटल्यासारखा पसरत नाही. उशिराने मात्र पसरतो.

आणि आज्या. माझं निरीक्षण आहे, कुणाला झोंबलं तर झोंबू दे. आजोबांच्या वेळी निदान वाद तरी होतो, मुंबईला न्यायचं की पुण्याला, कुणाची रजा, कुणाचे पैसे. आजीच्या वेळी वादही होत नाही. ‘तिने आयुष्यात कधी विडी ओढली नाही, तिला कसा होईल?’ इथपासून सुरुवात. चाळीस वर्षं चुलीपुढे बसून तिने जो धूर घेतला, तो कुणी मोजलेलाच नसतो.

पैशाचं कारण पूर्वी खरं होतं, आजही काही अंशी आहे. पण ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये सत्तरी गाठलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता घेतलं जातं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. ऑपरेशन नको म्हणण्याआधी ते कार्ड काढलंय का, एवढं तरी बघा.

राहता राहिला पेशंट, ज्याला आपण पाणी झालंय म्हणून सांगितलंय. ऑपरेशनच्या आधी काही आठवडे त्याने विडी सोडायची असते, रोज चालायचं असतं, तीन चेंडूंच्या त्या प्लॅस्टिकच्या यंत्रातून श्वास ओढून ओढून चेंडू वर धरायचे असतात. ऑपरेशननंतर छातीत नळी, टाके दुखत असताना उशी छातीशी धरून खोकायचं असतं. हे सगळं तोच करणार, मुलगा नव्हे. कशासाठी करतोय हे माहीत नसलेला माणूस चेंडू दोनदा वर नेतो आणि यंत्र खिडकीत ठेवून देतो. ज्याला माहीत असतं तो नर्सला विचारतो, काल दोन चढले होते, आज तिसरा का चढत नाही? तेव्हा आजोबांना आत न्या, डॉक्टरांसमोर खुर्चीत बसवा, नाव घेऊन आजार सांगू द्या. ते ऑपरेशन नको म्हणाले, तर तेही ऐकून घ्या. तो नकार त्यांचा असेल.