ग्रीककाका

आमच्या सोसायटीत आजारी माणसाला भेटायला लोक मोसंबी घेऊन जातात. दुसऱ्या मजल्यावरचे ग्रीककाका व्युत्पत्ती घेऊन जातात.

काका ग्रीसला कधी गेलेले नाहीत. औषध कंपनीची बॅग घेऊन तीस वर्षं ते डॉक्टरांच्या दारात ताटकळले. बाकावर बसून वेळ जाईना, म्हणून रद्दीवाल्याकडून घेतलेला वैद्यकीय शब्दकोश वाचू लागले. पुढे नोकरी सुटली, बाक सुटला. कोश सुटला नाही.

डॉक्टर रोग्याला नवीन काहीच सांगत नाहीत, हा त्यांचा सिद्धांत. "तू जाऊन म्हणतोस, सांधे दुखतात. ते लिहितात, आर्थ्राल्जिया. आर्थ्रॉन म्हणजे सांधा, आल्गोस म्हणजे दुखणं. तुझंच दुखणं तुला ग्रीकमध्ये परत केलं आणि वर पाचशे रुपये घेतले!" डॉक्टर औषधही देतात, हे सुचवायला सवड मिळत नाही. काका पुढच्या शब्दाला लागलेले असतात.

गवारीची शेंग मोडावी तसा ते शब्द मोडतात, शिरा काढून. तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंच्या चिठ्ठीवर 'राइनायटिस' होतं. काका म्हणाले, "शेवटी आयटिस आला की दाह समजायचा. राइन म्हणजे नाक. नाकावर शिंग असतं, तो राइनोसेरॉस." तेव्हापासून काका लिफ्टमध्ये दिसले की सूनबाई जिन्यानं जातात.

अपेंडिसायटिस हा शब्द मात्र त्यांना सहन होत नाही. "अपेंडिक्स लॅटिन, आयटिस ग्रीक. पत्रिका न बघता लावलेलं लग्न! मग कापून वेगळं करावं लागतं."

जिमला जाणाऱ्या पोराचे दंड दुखत होते. "मायाल्जिया. यातली माय म्हणजे आई नव्हे, उंदीर! ग्रीक 'म्यूस' म्हणजे उंदीर आणि स्नायूसुद्धा. आपला मूषक त्याच्याच नात्यातला. दंड हलला की त्यांना कातडीखाली उंदीर पळताना दिसला. आपल्या लोकांना बेडूक दिसला, म्हणून आपली बेटकुळी." पोरानं दंड फुगवून दोन्ही जनावरं शोधली.

ग्रीक आणि संस्कृतची अशी गाठ पडली की काकांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं. ऑस्टिऑन आणि अस्थी, ओडोन्ट आणि दंत, पेप्सिस आणि पचन. एका वाढदिवसाला हातात ग्लास धरून त्यांनी सांगितलं, की नॉर्थ कॅरोलिनातल्या केलेब ब्रॅडहॅम या औषधविक्रेत्यानं १८९८ साली आपल्या पेयाला 'पेप्सी-कोला' नाव दिलं, ते डिस्पेप्सिया म्हणजे अपचन या शब्दावरून. सगळ्या पोरांनी ग्लास खाली ठेवले.

पण एकदा हाच कोश कामी आला. तळमजल्यावरचे आजोबा घसरून पडले. मांडीच्या तपासणीत 'हेमॅटोमा' निघाला. 'ओमा' ऐकून घरातल्यांनी कर्करोगच धरला आणि रडारड सुरू झाली. काका चप्पल न घालता खाली आले. "हायमा म्हणजे रक्त. रक्त साकळून गाठ आलीय. मार लागला की टेंगूळ येतं ना, त्यातलाच प्रकार. डॉक्टरांना विचारून खात्री करा, पण आधी जेवा." डॉक्टरांनीही तेच सांगितलं. त्या घरात काकांना अजून पहिला चहा मिळतो.

गेल्या महिन्यात काकांच्याच अंगावर गांधी उठल्या. रत्नागिरीच्या काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पित्त उठलंय, आमसूल लावा." काका ऐकतात कुठले! पुन्हा पुन्हा उठत राहिल्या तेव्हा डॉक्टरांकडे गेले आणि चिठ्ठी झेंड्यासारखी मिरवत आले. 'क्रॉनिक इडिओपॅथिक अर्टिकेरिया.' आम्ही चारजण बसलो होतो. काकांनी शेंग मोडायला घेतली.

"क्रोनोस म्हणजे काळ, म्हणजे जुनाट. इडिओस म्हणजे स्वतःचा. बाहेरचं कारण सापडत नाही, आजार आपला आपणच उपजलेला. आणि अर्टिका म्हणजे..." इथे त्यांचा चेहरा पडला. "लॅटिन आहे. अंगाला लागली की खाज सुटते, ती वनस्पती."

काकू आमसुलाची वाटी घेऊन बाहेर आल्या. "म्हणजे जुनाट, स्वतःचीच, खाज. यात डॉक्टरांनी नवीन काय सांगितलं?"

आपला सिद्धांत काकांनी प्रथमच दुसऱ्याच्या तोंडून ऐकला. मुकाट्यानं पाठ पुढे केली. संध्याकाळपर्यंत पित्त बसलं.

खाज अजून आहे.