मंद उजेडातली इटली

न्यूयॉर्कमधले लहान, ‘रोमँटिक’ इटालियन रेस्टॉरंट प्रेमिकांसाठी असते, असा समज आहे. प्रत्यक्षात ते घरभाड्यासाठी असते. मॅनहॅटनमध्ये जागेचे भाडे भयंकर, म्हणून टेबले जेमतेम दोन ताटल्या मावतील एवढी आणि एकमेकांना खेटून. त्यामुळे दोघांचे गुडघे एकमेकांना लागतात, याला जवळीक म्हणतात. आणि शेजारच्या टेबलावरच्या घटस्फोटाचा तपशील ऐकू येतो, याला वातावरण म्हणतात. उजेड बेताचा ठेवतात. समोरच्याचे डोळे दिसावेत आणि मेनूवरचे आकडे दिसू नयेत, इतपत. आकडे वाचण्यासाठी मोबाइलची बॅटरी लावणारा मनुष्य अरसिक समजला जातो.

या संस्थेचे मूळ गरिबीत आहे. 1880 ते 1920 या काळात सुमारे चाळीस लाख इटालियन अमेरिकेत आले. त्यांतले बहुसंख्य सिसिली, कालाब्रिया, कांपानिया अशा दक्षिणेकडच्या गरीब मुलखांतले होते. गावाकडे मांस सणावारी मिळे. अमेरिकेत ते रोजच्या आवाक्यात आले. मग खिम्याचे गोळे फुगले आणि स्पॅगेटीवर चढून बसले. इटलीत हे दोन पदार्थ सहसा एका ताटलीत भेटत नाहीत. लाल चौकड्यांचे मेजपोश आले, कारण ते स्वस्त होते आणि सॉसचे डाग पोटात घालत. कियांतीची गवतात गुंडाळलेली फुगीर बाटलीही स्वस्त दारूचीच. तिचे बूड गोल असल्याने ती गवताच्या आधाराशिवाय उभी राहत नसे. रिकामी झाली की तिच्या तोंडात मेणबत्ती खोचत. ओघळलेले मेण खरवडण्याचे कष्ट कोणी घेत नसे, आणि आता तर ते खरवडणे हा गुन्हाच ठरेल. गरिबांच्या सोयीची प्रत्येक वस्तू अशी टप्प्याटप्प्याने प्रणयाच्या खात्यावर जमा झाली.

1955 साली डिस्नेच्या ‘लेडी अँड द ट्रॅम्प’ या चित्रपटाने या व्यवहारावर शिक्कामोर्तब केले. त्यात दोन कुत्री एकच स्पॅगेटी दोन टोकांनी खात खात चुंबनापर्यंत पोचतात. मात्र ती रेस्टॉरंटच्या मागच्या बोळात जेवतात आणि त्यांना बिल येत नाही, याकडे प्रेक्षकांचे दुर्लक्ष झाले. माणसांनी हा प्रयोग पांढऱ्या शर्टात करू नये.

पदार्थ ‘आजीच्या हातचे’ असतात. सीझर सॅलड 1924 च्या सुमारास मेक्सिकोतल्या तिहुआना इथे जन्मले, असे मानतात. फेतुचिने आल्फ्रेदो रोममध्ये आल्फ्रेदो दी लेलियो नुसत्या लोण्यात आणि पार्मेझानमध्ये करी. त्यात साय अमेरिकेत पडली. तिरामिसु साधारण 1970 च्या आसपास त्रेविझो शहरात नावारूपाला आले, म्हणजे ते आजीपेक्षा लहान आहे. स्वयंपाकघरातली ही आजी बहुधा मेक्सिको किंवा एक्वाडोरहून आलेला तरुण असतो आणि पास्ता उत्तम करतो. भिंतीवर मात्र फोटो आजीचाच.

न्यू जर्सीहून येणारे मराठी कुटुंब शाकाहारी असेल, तर ते निर्धास्तपणे वांग्याचे पार्मिजान मागवते. अस्सल पार्मिजानो-रेज्जानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. वेटर हे आपणहून सांगत नाही, आणि चतुर्थीला विचारणाराही कोणी नसतो.

वेटर मेनूकार्डात नसलेले आजचे खास पदार्थ तोंडपाठ म्हणून दाखवतो. त्यात कुठल्या डोंगरातली अळंबी, कुठल्या समुद्रातला मासा, सगळे येते. किंमत तेवढी येत नाही. पहिल्याच भेटीत ती विचारणे म्हणजे लग्नाआधीच संसार थाटण्यासारखे असल्याने पुरुष मान डोलावतो. मग वेटर वाइनचा एक घोट त्याच्या पेल्यात ओततो. बुचामुळे वाइनला कुबट वास लागला आहे का, एवढेच त्याने पाहायचे असते. तो पेला फिरवतो, हुंगतो, छताकडे पाहतो आणि ‘छान’ म्हणतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तरी ‘छान’च म्हणतो. यानंतर हातभर लांबीची मिरीदाणी येते. मिरी किती हवी हे गिऱ्हाइकाने सांगायचे असते आणि तोंडात घास असल्याने ते सांगता येत नाही.

भाडे दोन पंगतींवर निघते, म्हणून आठ वाजता बसलेल्यांनी दहाच्या आत प्रेमात पडून उठणे अपेक्षित असते. न मागता टेबलावर ठेवलेले बिल ही त्याची सूचना. त्यावर 8.875 टक्के विक्रीकर असतो. त्याखाली टिपेचे 18, 20 आणि 22 टक्के असे तीन पर्याय छापलेले आढळतात. कराची दुप्पट म्हणजे टिप, हा न्यूयॉर्कचा जुना हिशेब मनातल्या मनात, ओठ न हलवता करता आला पाहिजे. बिल अर्धे-अर्धे भरायचे ठरले, तर वेटर हसतमुखाने दोन पावत्या आणतो. टिपेचे तिन्ही पर्याय दोन्ही पावत्यांवर असतात.